कोणीं पाप केलें?

(शास्त्रपाठ : योहान ९ : १–७ आणि ३४–३५)

ह्या अध्यायाच्या आरंभीं प्रभु येशू वाटेनें चालला असतां एक जन्मांध मनुष्य त्याच्या दृष्टीस पडला. शिष्यांनींहि त्याला पाहिलें. परंतु त्यांच्या मनांत जो पहिला विचार आला तो त्या आंधळ्याविषयींचा नव्हता, दोषाविषयींचा होता. पाप कोणाचें, ह्याचें स्वतःचें कीं ह्याच्या आईबापांचें, एवढेंच त्यांनीं गुरूस विचारिलें. आज तुझ्या पोटांत कांहीं गेलें आहे काय, रात्रीं निजतोस कोठें, असा एखादा साधा प्रश्न त्या मनुष्यास करावा हें त्यांपैकीं एकासहि सुचलें नाहीं. तो आंधळा होता, बहिरा नव्हता. आपल्याविषयीं चाललेली ही चर्चा त्यानें ऐकली असेल, आणि अशी चर्चा ऐकण्याची ती त्याची पहिलीच वेळ खास नसेल.

प्रभूनें त्यांचे दोन्ही पर्याय मोडून टाकिले. पाप ह्याचेंहि नाहीं व ह्याच्या आईबापांचेंहि नाहीं, असें सांगून, दिवस आहे तोंवर जें काम करावयाचें त्याकडे त्यानें त्यांचें लक्ष वळविलें. आणि लागलीच वाकून मातीचा चिखल केला व तो त्या मनुष्याच्या डोळ्यांस लाविला.

प्रिय बंधुभगिनींनो, शिष्यांचा तो प्रश्न यरुशलेमेंतच राहिला नाहीं. ज्या गांवास सडक नाहीं, जवळ दवाखाना नाहीं, आणि आजारी मनुष्यास झोळींत घालून डोंगर उतरावा लागतो, अशा गांवांत तो अद्यापि विचारिला जातो. त्या प्रश्नानें माणसांचें काय होतें हें नीट समजावें म्हणून मी आज तुम्हांस एका फार दूरच्या डोंगरी मुलखाची हकीकत सांगणार आहें.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस न्यू गिनी नांवाचें एक मोठें बेट आहे. त्याच्या पूर्वेकडील भागास व आसपासच्या लहान बेटांस मिळून पापुआ न्यू गिनी म्हणतात. हा देश ऑस्ट्रेलियाच्या अंमलाखालून १६ सप्टेंबर १९७५ रोजीं स्वतंत्र झाला. तो विषुववृत्ताच्या जवळ असल्यामुळें किनाऱ्यावर उष्मा, दलदल व हिंवताप हीं पुष्कळ. परंतु मध्यभागीं उंच डोंगरांच्या रांगा आहेत. आपल्या कळसूबाईचें शिखर १,६४६ मीटर उंच आहे. तेथें तितक्या, किंबहुना त्याहूनहि अधिक उंचीवर लोकांचीं गांवें व मळे आहेत. ह्या डोंगरांत कोणी राहत नसावें अशी बाहेरच्या लोकांची समजूत १९३० च्या सुमारापर्यंत होती. मग सोन्याच्या शोधार्थ लीही नांवाचे बंधु आंत शिरले, आणि १९३३ सालीं जिम टेलर ह्या सरकारी अधिकाऱ्याबरोबर ते वाहगी नदीच्या खोऱ्यांत पोंचले. पाहतात तों रिकामें रान नव्हे, नीट आंखलेले मळे, कुंपणें, आणि माणसांनीं भरलेलीं खोरींच्या खोरीं! सर्व डोंगराळ भागांत मिळून लाखों लोक राहत होते, आणि त्यांच्या हातांत लोखंडाचा एक तुकडाहि नव्हता. दगडी कुऱ्हाडीनें ते झाड तोडीत व टोंकदार काठीनें जमीन उकरीत. ह्यावरून त्यांस रानटी म्हणून कोणी हिणवूं नये. माऊंट हागेनजवळ कूक नांवाची जी पाणथळ जागा आहे तेथें हजारों वर्षांपूर्वीं खणलेले शेतीचे चर सांपडले आहेत. २००८ सालीं त्या जागेस जागतिक वारशाच्या यादींत स्थान मिळालें. जगांत ज्या थोड्या ठिकाणीं मनुष्य आपल्या आपण शेती करावयास शिकला, त्यांपैकीं तें एक.

तेथील गांवाचें जुनें रूप असें होतें : गवतानें शाकारलेलीं ठेंगणीं गोल घरें, दार इतकें लहान कीं वाकूनच आंत जावें. मधोमध चूल, आणि धुरास बाहेर जावयास वाट नाहीं. डोंगरावर रात्रीं थंडी फार, म्हणून विस्तव विझूं देत नाहींत. परंतु ऊब मिळते तिच्याबरोबर धूरहि मिळतो, आणि म्हाताऱ्यांस खोकला व लेंकरांस छातीचे विकार जडतात. (आपल्याकडील डोंगरपाड्यांतील चुलींविषयीं मला निराळें लिहावयास नको.) पुष्कळ ठिकाणीं पुरुष वेगळ्या मोठ्या घरांत निजत, आणि बायका, मुलें व डुकरें दुसऱ्या घरांत.

आपल्याकडे उपवासास चालणारें रताळें हेंच तेथें रोजचें दोन्ही वेळचें जेवण. हें पीक मूळ दक्षिण अमेरिकेंतलें. कांहीं शतकांपूर्वीं तें तेथें पोंचलें व उंचावरील थंडींतहि वाढतें म्हणून डोंगरोडोंगरीं पसरलें. मातीचे गोल ढीग करून त्यांत वेल लावावयाचे, खुरपावयाचे, रताळीं काढावयाचीं, डुकरांस घालावयाचीं, पाणी भरावयाचें, हें बहुतेक सारें बायकांचें काम. दोरखंडाची विणलेली एक पिशवी असते, तिला बिलुम म्हणतात. तिचा बंद कपाळास अडकवून बाई पाठीवर रताळ्यांचा भार घेते, आणि दुसऱ्या तसल्याच पिशवींत तिचें तान्हें मूल निजलेलें असतें. डुकरें म्हणजे त्यांचें धन. लग्न, मर्तिक, भांडणाचा समेट, सर्वांस डुकरें द्यावीं लागतात. म्हणून रोजच्या जेवणांत मांस क्वचित्. एखाद्या वर्षीं उंचावर हिमकण पडून रताळ्यांचे वेल जळून जातात. १९७२, १९९७ व २०१५ ह्या सालीं असें होऊन अनेक गांवांवर उपासमारीची पाळी आली. अशा वेळीं माणसें खालच्या खोऱ्यांतील सोयऱ्यांकडे चालत जातात, आणि पुष्कळ गांवांची वाट इतकी बिकट कीं धान्य लहान विमानानेंच न्यावें लागतें.

ह्या डोंगरांच्या पूर्वभागीं ओकापा नांवाचें ठाणें आहे. सरकारनें तें १९५४ सालीं उघडिलें. त्याच्या आसपास फोरे नांवाची जमात राहते. थोड्या हजारांची ही जमात. परंतु ज्या काळाची गोष्ट मी सांगत आहें त्या काळीं तिच्यावर जें संकट आलें तें एखाद्या मोठ्या राष्ट्रासहि सोसवलें नसतें.

त्यांच्यांत एक रोग होता. त्याला ते कुरू म्हणत. (महाभारतांतील कुरूंशीं ह्या शब्दाचा कांहीं संबंध नाहीं, त्यांच्या भाषेंत त्याचा अर्थ थरथर कांपणें असा आहे.) चांगली धडधाकट बाई मळ्यांतून परत येतांना अडखळूं लागे. ताप नाहीं, जखम नाहीं. कांहीं दिवसांनीं तिला काठी लागे. मग हात, मान, सर्व अंग कांपूं लागे. मग बसल्या जागेवरून उठवेना. शेवटीं गिळतांहि येईना. शुद्धि मात्र बहुधा शेवटपर्यंत शाबूत. बहुतेक रोगी वर्षाच्या आंतबाहेर मरत, आणि एकदां लागलेला कुरू कधीं बरा झाला नाहीं. १९५७ सालीं व्हिन्सेंट झिगास व कार्लटन गायडूशेक ह्या दोन डॉक्टरांनीं जगास प्रथम ह्याची माहिती दिली. त्या सुमारास वर्षांत दोनशेंहून अधिक माणसें ह्या रोगानें मरत होतीं. त्यांत मोठ्या बायका व मुलें हींच बहुतेक. प्रौढ पुरुष क्वचित्. दक्षिण फोरे भागांत कांहीं गांवीं बायका इतक्या थोड्या उरल्या कीं बापांस लहान मुलांचें सर्व करावें लागे, मळ्यांत राबावें लागे. पोरकीं लेंकरें घरोघर.

आतां सांगा, अशा गांवांत रात्रीं विस्तवाभोंवतीं बसल्यावर लोक काय बोलत असतील? शिष्य बोलले तेंच. कोणीं केलें? फोरे लोकांची खात्री होती कीं हें चेटूक आहे. कोणी तरी वैरी त्या बाईचे केस, तिच्या कपड्याचा तुकडा किंवा खाऊन टाकिलेलें साल चोरतो, त्याची पुरचुंडी बांधून चिखलांत पुरतो, आणि ती जसजशी कुजते तसतशी बाई झिजते. म्हणून लोक आपलें उष्टें व केस जपून लपवीत. शेजारच्या गांवावर संशय धरीत. मंत्रतंत्र जाणणारे दूरदूर शोधून त्यांस डुकरें देत. आणि ज्या पुरुषावर संशय बळावे त्याला वाटेंत गांठून ठेंचून मारीत. त्याच्या रक्ताबद्दल त्याचे भाऊ पुन्हां दुसऱ्याचें रक्त घेत. एक आजार, आणि त्यापाठोपाठ तीन मरणें.

१९६२ च्या अखेरीपासून १९६३ च्या आरंभापर्यंत त्या लोकांनीं जागोजाग मोठ्या सभा भरविल्या. एरव्हीं एकमेकांच्या जिवावर उठलेलीं गांवें एका पटांगणांत बसलीं. पुरुष उभे राहून हात जोडल्यासारखे विनवूं लागले, कीं ज्या कोणाच्या हातांत हें आहे त्यानें आतां थांबवावें. मुलें प्रसवणाऱ्या बायकाच नाहींशा झाल्या तर आम्ही कोण उरणार? कित्येकांनीं पूर्वीं आपण चेटकाचे प्रयोग केले होते असें सर्वांदेखत कबूलहि केलें. ह्या सभांस हंसूं नये. आपलें संकट एक आहे हें त्यांस कळलें, हत्यारें खालीं ठेवून ते बोलले, ही लहान गोष्ट नव्हे. आपल्या कित्येक मंडळ्यांच्या पंचांस इतकेंहि जमत नाहीं. परंतु इतक्या कळवळ्यानें बोलूनहि कुरू थांबला नाहीं. कारण ज्याला ते विनवीत होते असा कोणी नव्हताच.

खरें कारण कसें सांपडलें तें ऐका. डॉक्टरांनीं पाणी तपासलें, माती तपासली, अन्न, भाज्या, चुलीची राख तपासली. रोग्यांस नाना औषधें दिलीं, गुण शून्य. कोणी म्हणाले, हा भीतीनें होणारा मनाचा विकार. कोणी म्हणाले, रक्तांतून कुळांत उतरणारा दोष. तेव्हां १९६१ पासून रॉबर्ट ग्लासे व शर्ली लिंडनबॉम हीं पतिपत्नी त्या गांवांत राहिलीं व म्हाताऱ्याकोताऱ्यांपाशीं बसून विचारूं लागलीं : तुमच्या घरीं पहिला कुरू कोणास झाला? त्या वेळीं तुम्ही केवढे होतां? तिच्या मर्तिकास कोण कोण आलें होतें? असें महिनोन्‌महिने. त्यांतून दिसून आलें कीं पिढ्यान्‌पिढ्यांचा म्हणावा असा हा रोग नाहीं. म्हाताऱ्यांच्या आठवणींत तो सुरू झालेला आहे. म्हणून तो कुळाचा दोष असणें शक्य नाहीं. इकडे १९५९ सालीं विल्यम हॅडलो नांवाच्या एका पशुवैद्यानें लिहिलें, कीं मेंढरांस होणाऱ्या एका कंपरोगांत मेंदूची जशी नासाडी होते तशीच ह्या रोगांत दिसते. आणि मेंढरांचा तो रोग एकापासून दुसऱ्यास देतां येतो. मेंढपाळाच्या दुःखानें डोंगरांतल्या बायकांच्या दुःखाचा सुगावा दिला. पुढें एक लहान मुलगी कुरूनें वारली. तिच्या आईबापांनीं, दुसऱ्यांच्या लेंकरांस तरी उपयोग होईल म्हणून, तिच्या देहाची तपासणी करूं दिली. ज्या लोकांस आपल्या माणसाचा केस परक्याच्या हातीं पडण्याची भीति वाटे, त्या लोकांतील हीं आईबापें! १९६३ सालीं त्या मेंदूचा अंश एका चिंपांझी वानरीस टोंचला, १९६५ सालीं ती तशीच कांपूं लागली, आणि १९६६ सालीं हें जगापुढें प्रसिद्ध झालें. गायडूशेक ह्यास १९७६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. (मुलावरील अत्याचाराबद्दल त्याच मनुष्यास १९९७ सालीं तुरुंगवासहि झाला. विद्येनें अंतःकरण शुद्ध होतें अशी ज्यांची समजूत असेल त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.)

आणि रोग अंगांत जाई कसा? तें सांगण्यास जड वाटतें, परंतु सांगितल्यावांचून गोष्ट पुरी होत नाहीं. फोरे लोक आपल्या मृत आप्तांचें मांस मर्तिकाच्या वेळीं खात असत. वैरानें नव्हे, भुकेनेंहि नव्हे. प्रिय माणसाचा देह मातींत किड्यांनीं खावा त्यापेक्षां ज्यांनीं त्याच्यावर प्रीति केली त्यांच्या ठायीं तो राहावा, अशी त्यांची भावना. हा विधि मुख्यत्वें बायकांचा, आणि आयांच्या मांडीवर बसलेल्या मुलांस त्यांतील वांटा मिळे; मोठे पुरुष बहुधा दूर राहत. म्हणूनच बायका व मुलें मरत. चिखलांत पुरलेल्या पुरचुंडींत तो रोग नव्हता, वैऱ्याच्या मंत्रांत नव्हता. शोकाच्या दिवशीं प्रीतीनें हातावर ठेविलेल्या घांसांत होता.

मिशनरी व सरकारी अधिकारी ह्यांच्या सांगण्यावरून ती चाल १९६० च्या सुमारास बंद पडली, आणि त्यानंतर जन्मलेल्या एकाहि मुलास कुरू झाला नाहीं. पूर्वीं ज्यांच्या शरीरांत तो शिरला होता त्यांच्यापैकीं कित्येकांस मात्र चाळीस, पन्नास वर्षांनींहि तो उद्भवला. शेवटचे रोगी ह्या शतकाच्या पहिल्या दशकांत गेले. १९५७ पासून मोजलेल्या मृत्यूंचा आंकडा २,७०० च्या वर जातो. त्यांत चेटकी म्हणून मारलेल्यांची गणती नाहीं. ते सर्व निरपराधी होते. बंधूंनो, हें वाक्य पुन्हां वाचा. ज्यांनीं त्यांस मारलें त्यांची खात्री होती, साक्षीदार होते, आठवणी होत्या, रात्रीं कोणी कोठें उभा दिसला ह्याच्या कथा होत्या. आणि मारलेले सर्वच्या सर्व निरपराधी होते.

कोणी म्हणेल, ते लोक अंधारांत होते, आतां त्यांस शुभवर्तमान मिळालें आहे. मिळालें आहे खरें, आणि तें कसें मिळालें हेंहि आपल्यासारख्यांस आनंद देणारें आहे. लुथेरन मिशनचें काम किनाऱ्यावर फिन्शहाफेन येथें १८८६ सालीं सुरू झालें, आणि डोंगरांत तें नेलें तें पुष्कळ अंशीं किनाऱ्यावरील नव्या ख्रिस्ती गांवकऱ्यांनीं. बायकामुलें घेऊन, परकी भाषा बोलणाऱ्या लोकांत, न सोसणाऱ्या थंडींत ते जाऊन राहिले. तुमच्याआमच्यासारखेच थोडें शिकलेले उपदेशक. आज त्या देशांतील बहुतेक लोक स्वतःस ख्रिस्ती म्हणवितात. परंतु खेद इतकाच कीं तो जुना प्रश्न बाप्तिस्म्याच्या पाण्यांत बुडाला नाहीं. फेब्रुवारी १९१३ नव्हे, २०१३ मध्यें माऊंट हागेन शहरांत एका तरुण बाईस, तिनें चेटकानें एक मुलगा मारला असें म्हणून, दिवसाढवळ्या लोकांच्या गर्दींत जाळून मारण्यांत आलें. ती एका लेंकराची आई होती. पाहणाऱ्यांत पुष्कळ जण देवळांत जाणारे असतील ह्यांत मला शंका वाटत नाहीं. चेटकाचा संशय हें खुनाच्या खटल्यांत शिक्षा सौम्य करण्याचें कारण मानणारा १९७१ चा कायदा त्या देशानें त्याच वर्षीं रद्द केला. तरी अशा घटना थांबलेल्या नाहींत. पूर्वीं फोरे लोकांत संशय पुरुषांवर जाई. हल्लीं तेथील डोंगरांत तो बहुधा बायकांवर जातो, आणि त्यांतहि विधवा, एकटी, पाठीशीं भाऊ नसलेली अशी असेल तिच्यावर लवकर जातो. चेटूक करणारी नेमकी निराधारच कशी निघते, ह्याचा विचार मारणाऱ्यांनीं कधीं केला आहे काय?

आतां इतक्या दूर जाऊन आल्यावर आपल्या घरीं या. सातपुड्यांतील आपल्या पाड्यांवर डाकीण हा शब्द कोणास ठाऊक नाहीं? मूल दगावलें, म्हैस आटली, कीं भगताकडे दाणे जातात, आणि दाणे एका म्हातारीचें नांव सांगतात. २०१३ सालींच, २० ऑगस्ट रोजीं डॉ. नरेंद्र दाभोलकर ह्यांचा पुण्यांत खून झाला, आणि ज्या कायद्यासाठीं ते वर्षानुवर्षें झटले तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षाच्या डिसेंबरांत महाराष्ट्रानें केला. एखाद्यास चेटूक करणारा म्हणून बदनाम करणें व छळणें हा त्या कायद्यानें गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. कायदा चांगला आहे, परंतु पाड्यावर रात्रीं जी कुजबुज चालते ती कायद्याच्या कानांपर्यंत उशिरां पोंचते. उपदेशकाच्या कानावर ती पहिल्या दिवशींच येते.

आणि दुर्दैवानें आपल्यांतील कांहीं जण तिला शास्त्राचा आधार देऊं पाहतात. निर्गम २२ : १८ मध्यें चेटकिणीस जिवंत ठेवूं नये अशी आज्ञा नाहीं काय, असें मला विचारण्यांत आलें आहे. आहे. परंतु ज्या नियमशास्त्रांत ती आज्ञा आहे त्याच नियमशास्त्रांत दोघांतिघां साक्षीदारांच्या तोंडावांचून कोणाचाहि दोष शाबीत होत नाहीं (अनुवाद १९ : १५). मंत्रानें मूल मेलेलें पाहणारा साक्षीदार कोण? दाणे साक्षीदार नव्हत, भगताचें स्वप्न साक्षीदार नव्हे. शिवाय आपण मोशेच्या न्यायासनावर बसलेलों नाहीं. आपण त्याचे शिष्य आहों ज्याच्यापुढें नियमशास्त्र हातांत घेऊन एका स्त्रीस उभी केली असतां दगड धरणारेच एकामागून एक निघून गेले. इफिस नगरांत खरोखरच जादू करणारे विश्वासांत आले, तेव्हां काय झालें? त्यांनीं आपल्या पोथ्या आणून जाळल्या, त्यांची किंमत पन्नास हजार रौप्य नाणीं झाली (प्रे. कृ. १९ : १९). जळलें तें पुस्तक. माणूस कोणीं जाळिला नाहीं. आणि प्रभु येशूवरच लोकांनीं भुतांच्या अधिपतीच्या साह्याचा आरोप ठेविला होता (मत्तय १२ : २४), हें तर आपण विसरूंच नये. त्या काळीं भगत असता तर दाणे प्रभूचेंच नांव सांगते.

दुसरी एक चूक आहे, ती अधिक सभ्य दिसते. आपल्यांतील कोणी भगताकडे जात नाहीं, पण आजाऱ्याच्या खाटेजवळ बसून म्हणतो, तूं कांहीं तरी गुप्त पाप केलें असशील, आठवून पाहा. ईयोबाच्या मित्रांनीं हेंच केलें, आणि देवाचा राग त्यांच्यावर भडकला (ईयोब ४२ : ७). शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले ते इतरांपेक्षां अधिक पापी नव्हते, असें प्रभूनें स्पष्ट सांगितलें (लूक १३ : ४). सिकल सेल नांवाचा रक्ताचा रोग आपल्या भिल्ल व पावरा घरांतून पुष्कळ आढळतो. मुलाचीं हाडें रात्रभर दुखतात, तें पिवळें पडतें, वाढत नाहीं. आई व बाप दोघेंहि त्या दोषाचे वाहक असले म्हणजे प्रत्येक गर्भाच्या वेळीं चारांत एक इतका संभव असतो कीं मुलास तो रोग व्हावा. आईबाप स्वतः धडधाकट असतात. त्यांस बहुधा ठाऊकहि नसतें. ह्यानेंहि पाप केलें नाहीं, आईबापांनींहि नाहीं. रक्ताची तपासणी सरकारी दवाखान्यांत होते, दुखणें कमी करणाऱ्या गोळ्या मिळतात, आणि लग्नाआधीं दोन्ही घरांनीं तपासणी केली तर पुढचें दुःख पुष्कळ टळतें. ज्या उपदेशकानें एका तरी कुटुंबास ह्या तपासणीसाठीं खालीं नेलें आहे, त्यानें त्या दिवशीं शिलोहाच्या तळ्याची वाट दाखविली असें मी समजतों.

प्रार्थना नको असें माझें म्हणणें नाहीं. कुरूच्या गांवांतहि प्रार्थना झाल्या असतील, आणि त्या मुलीच्या आईबापांचें अंतःकरण ज्यानें मृदु केलें तो देव कोण हें मला ठाऊक आहे. परंतु प्रभूनें आंधळ्यास केवळ आशीर्वाद देऊन पाठविलें नाहीं. चिखल लाविला, तळ्याकडे जाऊन धू म्हणून सांगितलें. तळें लांब होतें, आणि त्या मनुष्यास वाट दिसत नव्हती. मध्यें कोणी तरी त्याचा हात धरला असेल.

अध्यायाच्या शेवटीं काय झालें तें पाहा. दृष्टि आलेल्या त्या मनुष्यास लोकांनीं पापांत जन्मलेला म्हणून सभास्थानाबाहेर घालविलें. ह्याला बाहेर घातलें हें ऐकतांच प्रभु त्याला शोधीत गेला. तेव्हां ज्या दिवशीं तुमच्या पाड्यावर कोणा बाईचें नांव निघेल, त्या दिवशीं सकाळची वाट पाहूं नका. पोलीस पाटलास कळवा. भीति अधिक असेल तर मंडळींतील दोन माणसें रात्रीं तिच्या दाराशीं निजूं द्या. पण त्याआधीं, संध्याकाळीं सर्व लोक ओट्यांवर बसलेले असतांनाच तिच्या घरीं जा, तिच्या हातचें पाणी मागून प्या, आणि तेथून उठून ज्या घरचें मूल गेलें त्या घरीं जाऊन बसा.